लेपचा लोकांचें जीवन आणि त्यांच्या पोथ्या : एक परीक्षण

(१)

सिक्कीम, दार्जिलिंग व कालिंपोंग या डोंगराळ प्रदेशांत राहणाऱ्या लेपचा लोकांविषयीं परदेशी विद्वानांनीं गेल्या पावणेदोनशें वर्षांत पुष्कळ लिहिलें आहे. त्यांपैकीं तीन ग्रंथांचें परीक्षण येथें योजिलें आहे. पहिला जेफ्री गोरर यांचा ‘हिमालयन व्हिलेज’ (लंडन, १९३८). दुसरा हाल्फदान सीगर यांचा ‘दि लेपचाज’ (कोपनहेगन, १९६७, दोन भाग). आणि तिसरा म्हणजे हेलीन प्लेझीर यांनीं तयार केलेली फान मानेन संग्रहांतील लेपचा हस्तलिखितांची सूची (२००३). पहिला ग्रंथ समाजशास्त्रज्ञाचा, दुसरा धर्मेतिहासकाराचा व तिसरा सूचीकाराचा आहे. तिघांचा विषय एकच, पण साधनें निरनिराळीं. आणि साधन बदललें म्हणजे त्याच लोकांचें चित्र किती बदलतें, हें या तिघांना शेजारीं शेजारीं ठेविल्यावांचून कळत नाहीं.

हा विषय आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें कारण इतकेंच कीं, तो मूळांत पोथ्यांचा प्रश्न आहे. ज्या लोकांस बहुतेक ग्रंथकारांनीं रानांत राहणारे, भोळे व भित्रे म्हणून वर्णिलें, त्यांच्या घरांत स्वतःच्या लिपींत लिहिलेल्या पोथ्या होत्या. पोथ्या असलेल्या समाजाचें वर्णन पोथ्या न वाचतां केलें, तर तें कितपत ग्राह्य मानावें? बखर आणि अस्सल पत्र यांची तुलना करण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांना या प्रश्नाचें महत्त्व सांगावयास नको.

(२)

‘लेपचा’ हें नांव नेपाळी भाषिकांकडून आलेलें. हे लोक स्वतःस ‘रोंग’ म्हणवितात. पूर्ण नांव ‘मुतांची रोंगकुप रुमकुप’. आपल्या भूमीस ते ‘मायेल ल्यांग’ म्हणतात. इतबु-रुम या निर्मात्या देवतेनें कांचनजंगेच्या शुद्ध बर्फापासून फोडोंगथिंग व नाझोंग न्यू हें आद्य जोडपें घडविलें आणि त्यांच्यापासून आपला वंश झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून कांचनजंगा हा त्यांना केवळ डोंगर नव्हे, ती पूर्वजांची जागा आहे.

जुन्या पद्धतीचें लेपचा घर लाकडी खांबांवर उभें असतें. खांब जमिनींत न पुरतां सपाट दगडांवर ठेवितात आणि लाकडें खिळ्यांवांचून एकमेकांत बसवितात. घराखालच्या मोकळ्या जागेंत गुरें-डुकरें राहतात. बांबूवांचून त्यांचा एकहि दिवस जात नाहीं. पाणी आणावयाचें नळकांडें, धान्याची टोपली, चटई, बासरी, नदीवरचा पूल, सर्व बांबूचें किंवा वेताचें. पुरुषाच्या कमरेस लांब सुरा असतो, त्यास ‘बान’ म्हणतात. शेती पूर्वीं रान तोडून व जाळून करीत, आणि कांहीं वर्षांनीं ती जमीन पडीक टाकून पुढें जात; कोरडा भात, मका, नाचणीसारखें बारीक धान्य व कुट्टू हीं पिकें. पुढें पाण्याचा भात आला आणि मोठी वेलची आली. वेलचीबरोबर रोख पैसा व बाजार आला. बारीक धान्य आंबवून केलेलें ‘ची’ हें पेय बांबूच्या पात्रांत भरून, वर ऊन पाणी ओतून, बारीक नळीनें ओढून पितात. पाहुणचार, लग्न, देवकार्य, यांपैकीं कांहींहि ‘ची’वांचून पुरें होत नाहीं.

धर्मकृत्यें चालविणारे दोन प्रकारचे आहेत : ‘बोंगथिंग’ व ‘मुन’. मुन बहुधा स्त्री असते, आणि मृताच्या आत्म्यास त्याच्या कुळाच्या मूळ स्थानीं पोंचविण्याचें काम तिचें. प्रत्येक कुळाचें स्वतःचें शिखर, स्वतःचें सरोवर व स्वतःची वाट ठरलेली असते. आपल्याकडे वतनाची हद्द सांगतांना जशी ओढा, वड, दगड यांची नांवें कागदोपत्रीं येतात, तशी येथें कुळाची सनद डोंगरावर लिहिलेली आहे. या जोडीला लामांचा बौद्ध धर्म आला. पण तो आल्यानें मुन गेली नाहीं. एकाच घरांत दोघांसहि बोलावणें जातें.

(३)

गोरर व त्यांचे सोबती मेजर मॉरिस हे १९३७ सालीं उत्तर सिक्कीममधील झोंगू या प्रदेशांत लिंगथेम गांवीं राहिले. गोरर यांचा मुक्काम सुमारें तीन महिन्यांचा. मॉरिस यांनींहि ‘लिव्हिंग विथ लेपचाज’ हें पुस्तक त्याच सालीं म्हणजे १९३८ मध्यें प्रसिद्ध केलें. एकाच गांवचें, एकाच काळचें वर्णन दोन साक्षीदारांनीं स्वतंत्रपणें लिहावें, हा योग इतिहाससाधनांत विरळा. म्हणून गोरर यांचा ग्रंथ वाचतांना मॉरिस यांचा हाताशीं ठेवावा, अशी आमची शिफारस आहे.

गोरर यांच्या ग्रंथाचे गुण थोडे नाहींत. शेतीचें वार्षिक चक्र, नातीं व वारसा, लग्नाचे नियम, आजारपण, मृत्यु, सण यांची माहिती त्यांनीं बारकाईनें घेतली आहे. गांवांतील निरनिराळ्या व्यक्तींचीं चरित्रें दिलीं आहेत, त्यामुळें ग्रंथ नुसता नियमांचा सांगाडा राहत नाहीं. हीं माणसें चालतात-बोलतात. लामांचा धर्म व मुनचा धर्म हे शेजारीं नांदतात आणि त्या विसंगतीचा लोकांना त्रास वाटत नाहीं, हें त्यांचें निरीक्षणहि मोलाचें आहे.

दोष आहे तो निष्कर्षाच्या पायाशीं. लेपचा समाजांत स्पर्धा व आक्रमकता जवळजवळ नाहीं, हा गोरर यांचा मुख्य सिद्धांत. तो दुभाष्याच्या द्वारें, एका गांवीं, एका ऋतूंत मिळालेल्या माहितीवर उभा आहे. भाषा न जाणणाऱ्याला शांतता लवकर दिसते, कारण भांडण बहुधा भाषेंत असतें. शिवाय ज्या समाजानें दोनतीनशें वर्षें परक्यांच्या राज्यसत्तेखालीं काढलीं, त्याचें मौन हें स्वभाव म्हणून नोंदावें कीं अनुभव म्हणून, याचा विचार गोरर यांनीं पुरेसा केलेला नाहीं. पुढच्या घटनांनीं या सिद्धांतास चांगलाच धक्का दिला. तिस्ता व तिच्या उपनद्यांवरील धरणांविरुद्ध २००७ सालीं लेपचा तरुणांनीं गंगटोक येथें उपोषण आरंभिलें व तें दीर्घकाळ चालविलें. परिणामीं झोंगूंतील कांहीं योजना सरकारला रद्द कराव्या लागल्या. शस्त्र न उचलणें आणि प्रतिकार न करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या ग्रंथकारांनीं पहिली पाहिली आणि दुसरी गृहीत धरली.

आमचा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. गोरर यांच्या ग्रंथाची सर्व इमारत मुलाखती व निरीक्षण यांवर उभी आहे. लेपचा पोथ्यांचें साधन त्यांत जवळजवळ नाहीं. वास्तविक त्यांच्या आधीं साठ वर्षें, १८७६ सालीं, मेनवेअरिंग यांचें लेपचा व्याकरण कलकत्त्यास छापून झालें होतें; आणि त्यांनींच जमविलेला कोश आल्बर्ट ग्रुन्वेडेल यांनीं पुरा करून १८९८ सालीं बर्लिन येथें प्रसिद्ध केला होता. ज्या सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड बाहेर काढिला, त्याच सालीं हा कोश निघाला, हा योगायोग आमच्या वाचकांस रुचेल. मेनवेअरिंग यांची भक्ति मर्यादा सोडून जाते. लेपचा भाषा ही हिब्रू व संस्कृत यांहूनहि प्राचीन आहे, असें त्यांनीं बेधडक लिहिलें आहे, आणि तें अर्थात् टाकाऊ आहे. पण मत टाकाऊ म्हणून शब्दसंग्रह टाकाऊ होत नाहीं. वनस्पतींच्या नांवांची जी समृद्धि या भाषेंत आहे, तिचा परिचय जगाला प्रथम त्यांनींच नीट करून दिला.

(४)

सीगर हे डेन्मार्कचे. मध्य आशियाच्या तिसऱ्या डॅनिश मोहिमेबरोबर ते हिमालयांत आले व १९४९ च्या सुमारास लेपचांमध्यें त्यांनीं काम केलें. ग्रंथ छापून होण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. पण विलंबाचें सार्थक झालें आहे. त्यांच्या ग्रंथाचा खरा ठेवा दुसऱ्या भागांत आहे. मुन व बोंगथिंग यांच्या तोंडून घेतलेले विधींचे पाठ तेथें मूळ भाषेंत दिले असून यर्गेन रिशेल यांनीं भाषाशास्त्राच्या अंगानें त्यांचें विवरण केलें आहे.

गोरर ‘लोक असें मानतात’ म्हणून सांगतात. सीगर ‘अमक्या विधींत हे शब्द उच्चारले गेले’ म्हणून दाखवितात. पहिलें वाक्य वाचकाला मान्य किंवा अमान्य करतां येतें, तपासतां येत नाहीं. दुसरें तपासतां येतें. सारांश व अस्सल कागद यांत जो फरक, तोच येथें आहे. कांचनजंगेच्या देवतेस उद्देशून होणाऱ्या पूजेचें सीगर यांचें विवेचन या कारणानें अधिक टिकाऊ वाटतें. उद्यां त्यांचा अर्थ कोणास पटला नाहीं, तरी पाठ शिल्लक राहील व दुसरा अर्थ लावतां येईल.

उणीव एवढीच कीं, सीगर यांचें लक्ष धर्माकडे इतकें आहे कीं शेत, बाजार, कर्ज व वेलची हीं कडेला पडतात. मुन जो विधि करते तो कोणाच्या घरीं, किती खर्चानें, कोणत्या पिकाच्या मोसमांत, हें प्रत्येक वेळीं कळत नाहीं. गोरर यांच्याजवळ चूल आहे, मंत्र नाहीं; सीगर यांच्याजवळ मंत्र आहे, चूल अंधुक आहे. दोघांस जोडून वाचणें भाग आहे.

(५)

आतां तिसरा ग्रंथ. आणि संग्राहकांच्या दृष्टीनें तोच मुख्य.

योहान फान मानेन (१८७७–१९४३) हे डच गृहस्थ प्रथम अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या ग्रंथालयांत होते. पुढें कांहीं काळ दार्जिलिंगकडे राहिले, आणि नंतर कलकत्त्यास बंगाल एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले. त्यांनीं जमविलेल्या पोथ्यांपैकीं १८० हून अधिक लेपचा हस्तलिखितें हॉलंडांत लायडन येथें आहेत. लेपचा पोथ्यांचा जगांतील सर्वांत मोठा संग्रह तो हाच. प्लेझीरबाईंनीं २००३ सालीं त्याची सूची केली व २००७ सालीं लेपचा भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. व्याकरण जाणणाऱ्या व्यक्तीनेंच सूची करावी, हें येथें घडलें आहे, आणि सूचीची योग्यता त्यामुळें वाढली आहे.

या पोथ्यांत आहे काय? पुष्कळशा ‘नामथार’ म्हणजे चरित्रकथा आहेत. हा शब्द तिबेटी ‘नामथार’ याचाच. पद्मसंभवास लेपचा लोक ‘ताशे’ म्हणतात व त्याच्या कथेस या वाङ्मयांत मानाचें स्थान आहे. बरेंचसें वाङ्मय तिबेटी बौद्ध ग्रंथांवरून घेतलेलें आहे, यावरून कांहीं विद्वान् म्हणतात कीं, हें लेपचांचें स्वतःचें नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. ज्ञानेश्वरी गीतेवर आहे म्हणून ती मराठी नव्हे, असें कोणी म्हणत नाहीं. कोणती कथा घेतली, कोणती सोडली, परक्या देवाला आपल्या भाषेंत कोणत्या नांवानें हांक मारली, यांतच त्या समाजाचें मन दिसतें. घरोघर वाचल्या गेलेल्या पोथीचा समावेश ‘दैनंदिन जीवन’ या सदरांत न करणें, म्हणजे महाराष्ट्रांतील खेड्याचें वर्णन करतांना पोथीवाचन व कीर्तन गाळण्यासारखें आहे.

कालनिर्णयाची अडचण मात्र खरी आहे. तिबेटी पद्धतीप्रमाणें लेपचांतहि वर्षांना प्राण्यांचीं नांवें देऊन बारा वर्षांचें चक्र मोजतात. जेथें पोथीच्या अखेरीस नुसतें प्राण्याचें नांव असेल, तेथें तें वर्ष दर बारा वर्षांनीं पुन्हां येणार. शकाचा आंकडा नसून केवळ संवत्सराचें नांव असलेलीं पत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांना ही अडचण परिचित आहे. आपलें चक्र साठ वर्षांचें म्हणून चुकीस जागा कमी, त्यांचें बारांचें म्हणून अधिक. अशा वेळीं कागद, शाई, हस्ताक्षर आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पोथी कोणत्या घरांतून आली याची नोंद, एवढ्यांवरच भिस्त. ही शेवटची नोंद एकच मनुष्य करूं शकतो : प्रथम पोथी हातीं घेणारा संग्राहक. त्यानें ती केली नाहीं, तर मागून येणारा सूचीकार कितीहि विद्वान् असला तरी ती भरून काढूं शकत नाहीं.

(६)

लिपीच्या उगमासंबंधीं दोन परंपरा आहेत. सिक्कीमच्या राजघराण्याची परंपरा असें सांगते कीं, तिसरा राजा छ्याग्दोर नामग्याल (जन्म १६८६) यानें ही लिपि निर्माण केली. लेपचांची परंपरा तिचें श्रेय थिकुंग मेन सालोंग या आपल्या पूर्वजास देते; हा सतराव्या शतकांतील लामा ल्हात्सुन नामखा जिग्मे याचा समकालीन मानतात. पहिल्या परंपरेंत लिपि ही राजाची देणगी आहे, दुसरींत ती लोकांची मिळकत आहे. वाद केवळ अक्षरांचा नाहीं, हें उघड आहे. कालिंपोंगचे लेपचा कोशकार के. पी. तामसांग यांनीं आपल्या लेखनांत दुसऱ्या परंपरेचा जोरदार पुरस्कार केला आहे.

मोडी लिपीच्या बाबतींत हेमाडपंताची कथा आपल्याकडे अशीच रूढ आहे, आणि त्या कथेचा निकाल कथांवरून न लावतां अक्षरांवरून लावावा लागतो, हें आपण शिकलों आहों. तोच न्याय येथें लावावा. लेपचा अक्षरांची घडण तिबेटी लिपीशीं नातें सांगते. शब्दाच्या अखेरचीं बहुतेक व्यंजनें ओळींत न लिहितां अक्षराच्या माथ्यावर चिन्हरूपानें लिहितात, हें तिचें वैशिष्ट्य. कोणे एके काळीं ही लिपि वरून खालीं लिहीत असावेत व पुढें आडवी लिहितांना सर्व अक्षरें पाव फेरा वळलीं, असा तर्क विद्वानांनीं यावरून केला आहे. अक्षरांची साक्ष येथवरच नेते. ती तिबेटी लिपि जाणणाऱ्या कोणाचा तरी हात सिद्ध करते. तो हात राजाचा कीं लेपचा पंडिताचा, हें सिद्ध करीत नाहीं. दोन्हीं परंपरांतील काळ एकमेकांपासून फार दूर नाहीं, हें लक्षांत घेतलें तर राजाश्रय एकाचा व रचना दुसऱ्याची, असेंहि घडणें अशक्य नव्हे. म्हणून राजघराण्याची कथा इतिहास व लेपचांची कथा दंतकथा, अशी जी वांटणी कित्येक ग्रंथांत आढळते, ती आम्हांस पक्षपाताची वाटते. दोन्हीं ऐतिह्यें एकाच तराजूंत घातलीं पाहिजेत.

(७)

शेवटीं एका शब्दाविषयीं. मेनवेअरिंग यांनीं १८७६ मध्यें हे लोक ऱ्हास पावत असल्याचा शोक केला. पुढचे बहुतेक ग्रंथकार तेंच म्हणत आले, आणि ए. आर. फोनिंग या लेपचा गृहस्थांनीं १९८७ सालीं आपल्याच समाजावर ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याच्या नांवांतहि ‘लोप पावत असलेली जमात’ हेच शब्द आले. १८९१ च्या खानेसुमारींत सिक्कीमच्या ३०,४५८ वस्तींपैकीं ५,७६२ लेपचा होते. २०११ च्या जनगणनेंत लेपचा ही मातृभाषा सांगणारे भारतांत ४७,३३१ होते. पहिला आंकडा एका संस्थानांतील लोकांचा व दुसरा देशांतील भाषिकांचा, म्हणून त्यांची सरळ तुलना करतां येत नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं ज्यांना मृत्युलेख लिहिला गेला ते लोक नाहींसे झाले नाहींत, एवढें निश्चित. मात्र २००१ सालीं हीच भाषिकांची संख्या ५०,६२९ होती. माणसें आहेत, भाषा ओसरत आहे. ‘लोप’ हा शब्द माणसांविषयीं खोटा ठरला, पण भाषेविषयीं तो खरा ठरण्याचें भय आहे, आणि भाषेबरोबर पोथ्या मुक्या होतील.

या भाषेच्या बाजूनेंहि कांहीं गोष्टी आहेत. सिक्कीमांत ती राज्यभाषांपैकीं एक असून शाळांतून शिकविली जाते. २००८ सालीं लिपीला युनिकोडांत स्थान मिळालें, त्यामुळें छपाईची जुनी अडचण कमी झाली. परंतु सर्वांत मोठा पोथीसंग्रह हॉलंडांत आणि तो वाचण्याचा हक्क ज्यांचा अधिक ते झोंगूंत व कालिंपोंगला, ही स्थिति समाधानाची नाहीं. फान मानेन यांनीं पोथ्या नेल्या म्हणून त्या वांचल्या, हें म्हणणें अर्धें खरें आहे. ज्या पोथीचा वाचक तिच्यापासून तुटला, ती कागदाच्या रूपानें वांचते एवढेंच.

या तीन ग्रंथांविषयीं आमचें मत असें : चालीरीतींसाठीं गोरर वाचावेत, पण त्यांच्या सिद्धांतावर विसंबूं नये, विधींसाठीं सीगर यांचा दुसरा भाग प्रमाण मानावा, आणि लेपचा लोकांनीं स्वतः काय लिहून ठेविलें हें जाणण्यास प्लेझीरबाईंच्या सूचीपासून आरंभ करावा. हवा आहे तो चौथा ग्रंथ : पोथ्यांतील निवडक पाठ, मुनच्या तोंडचे पाठ व गांवचें जीवन एकत्र ठेवणारा, आणि शक्य तर लेपचा विद्वानाच्याच हातचा. तोंवर ज्यांच्या संग्रहांत दार्जिलिंग-सिक्कीमकडील, कोणास न वाचतां येणारी एखादी पोथी पडून असेल, त्यांनीं ती ‘तिबेटी’ अशी चिठ्ठी लावून बाजूस ठेवण्यापूर्वीं अक्षरांच्या माथ्याकडे एकदां पाहावें. तेथें अखेरच्या व्यंजनांचीं चिन्हें दिसलीं, तर ती कोणत्या घरांतून आली याची जेवढी आठवण असेल तेवढी आजच लिहून ठेवावी.